किलो म्हणजे हजार. पण हजार काय?

विद्यार्थी मित्रहो, व्याकरणाच्या तासाला तुम्ही उपसर्ग शिकला आहात. 'हार' या एकाच शब्दाच्या आधी निरनिराळे उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे कितीतरी शब्द तयार होतात. उपसर्ग एकटा वापरता येत नाही. 'प्र' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण त्यालाच उलट विचारू, "तो कशाला लावला आहे, ते आधी सांगा."

मोजमापाच्या शास्त्रातही असेच उपसर्ग आहेत. किलो, सेंटि, मिलि ही त्यांतली नावे तुमच्या रोजच्या परिचयाची आहेत. मात्र भाषेतले उपसर्ग आणि हे उपसर्ग यांत एक मोठा फरक आहे. भाषेतला उपसर्ग शब्दाचा अर्थ कोठल्या कोठे नेतो. आहार कोठे आणि संहार कोठे! मोजमापातल्या उपसर्गाला असले स्वातंत्र्य नाही. त्याला एकच ठरलेला अर्थ असतो, आणि तो अर्थ म्हणजे एक संख्या. किलो म्हणजे हजार. तो ग्रॅमला लावा, मीटरला लावा, वॉटला लावा किंवा लिटरला लावा. किलो म्हणजे हजारच.

आता दुकानात होणारे एक बोलणे तपासून पाहू. "दोन किलो ज्वारी द्या," असे आपण म्हणतो आणि दुकानदार बिनचूक ज्वारी मोजून देतो. पण शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य अर्धवट आहे. दोन किलो म्हणजे दोन हजार. दोन हजार काय? 'ग्रॅम' म्हणायचे राहूनच गेले! ज्वारीच्या बाबतीत त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु उपसर्ग नीट न वाचल्यामुळे, किंवा उपसर्गापुढचे एकक न वाचल्यामुळे, मोठा अनर्थ होऊ शकेल अशाही जागा आहेत. म्हणून या उपसर्गांची ओळख आज जरा नीट करून घेऊ.

कोष्टकांचे ओझे

तुमच्या पणजोबांच्या काळी शाळेत जाणाऱ्या मुलाला कोष्टके घोकावी लागत. १२ पै म्हणजे १ आणा आणि १६ आणे म्हणजे १ रुपया. १२ इंच म्हणजे १ फूट, ३ फूट म्हणजे १ वार, २२० वार म्हणजे १ फर्लांग आणि ८ फर्लांग म्हणजे १ मैल. ८० तोळे म्हणजे १ शेर, ४० शेर म्हणजे १ मण. शेराचे पुन्हा अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक असे भाग. धान्य मापायची पायली-अधोलीची कोष्टके आणखी निराळी.

यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी, की एका कोष्टकाचा दुसऱ्या कोष्टकाला काही उपयोग नसे. दुसरी अडचण याहून मोठी होती. नाव एकच असले तरी माप सगळीकडे एक नसे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. अशा वेळी दूरच्या बाजारातला भाव ऐकून शेतकऱ्याने काय समजायचे? नाव तेच आणि माप वेगळे, ही फसवणुकीला मोकळी वाटच होती.

एक उदाहरण करून पाहा. ३ मैल ५ फर्लांग १५० वार यांचे इंच किती? मैलांचे वार करा, फर्लांगांचे वार करा, बेरीज करा. येतात ६,५३० वार. त्यांना ३६ ने गुणा. उत्तर २,३५,०८० इंच. पाटी भरून जाते! हेच अंतर दशमान पद्धतीत सुमारे ५ किलोमीटर ९७१ मीटर भरते. त्याचे सेंटिमीटर किती? ५,९७,१००. येथे गुणाकार असा करावाच लागला नाही. फक्त शून्ये लिहिली.

भारतात हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजने व मापे यांचा कायदा १९५६ साली संमत झाला होता. त्याची अंमलबजावणी १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने-मापे व्यवहारातून कायद्याने दूर झाली.

सहा उपसर्गांची युक्ती

ही पद्धत जन्मली फ्रान्समध्ये. तेथेही गावोगावी निराळी मापे होती आणि लोक त्यांना कंटाळले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ रोजी तेथे एक कायदा झाला. लांबीसाठी मीटर, जमिनीच्या क्षेत्रफळासाठी आर, द्रवाच्या मापासाठी लिटर, वजनासाठी ग्रॅम अशी एकके त्यात ठरवण्यात आली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे पॅरिसवरून मोजलेले जे अंतर, त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, ही त्यामागची कल्पना होती.

पण या कायद्यातील खरी हुशारी निराळीच होती. मीटरपेक्षा लहान-मोठ्या मापांना प्रत्येकी नवे नाव शोधत बसण्याऐवजी काही उपसर्ग ठरवण्यात आले आणि तेच सर्व एककांना लावायचे, असा नियम केला गेला. मोठ्या मापांसाठी ग्रीक भाषेतून शब्द घेतले, लहान मापांसाठी लॅटिनमधून. त्यांपैकी सहा आपण शाळेत शिकतो :

किलो : हजार पट
हेक्टो : शंभर पट
डेका : दहा पट
(येथे मूळ एकक : मीटर, ग्रॅम, लिटर)
डेसि : दहावा भाग
सेंटि : शंभरावा भाग
मिलि : हजारावा भाग

लॅटिनमध्ये शंभराला 'सेंटम' म्हणतात, संस्कृतात 'शतम्'. ग्रीकमध्ये दहाला 'डेका' म्हणतात, संस्कृतात 'दश'. उच्चार नुसते सारखे वाटतात असे नव्हे. या भाषा एकाच कुळातल्या असल्यामुळे हे शब्द एकमेकांचे सख्खे नातलग आहेत. तेव्हा सेंटि आणि डेका आपल्याला अगदीच परके नाहीत.

या युक्तीने काय साधले पाहा. सहा उपसर्ग आणि तीन एकके, एवढे नऊ शब्द पाठ केले की अठरा मापे आपोआप समजतात. चौथे एकक आले, उदाहरणार्थ वॉट, तर नवे कोष्टक पाठ करायला नको. किलोवॉट म्हणजे हजार वॉट, मिलिवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग, हे न शिकवताच कळते.

हजाराच्या पायऱ्या

शास्त्राची दृष्टी जसजशी दूर आणि खोल जाऊ लागली, तसतसे हे सहा उपसर्ग अपुरे पडू लागले. मग पुढची वाटचाल दहा-दहाच्या नव्हे, तर हजार-हजारांच्या पायऱ्यांनी करायचे ठरले. वर चढताना हजार पट, खाली उतरताना हजारावा भाग.

वरच्या पायऱ्या : किलो (हजार), मेगा (दहा लाख), गिगा (शंभर कोटी), टेरा (एक लाख कोटी).
खालच्या पायऱ्या : मिलि (हजारावा भाग), मायक्रो (दहा लाखावा भाग), नॅनो (शंभर कोटीवा भाग), पिको (एक लाख कोटीवा भाग).

ग्रीक भाषेत मेगा म्हणजे मोठा, गिगा म्हणजे राक्षस आणि टेरा म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी. उलट मायक्रो म्हणजे लहान आणि नॅनो म्हणजे बुटका. पुढची नावे तर आणखी मजेशीर आहेत. पिकोच्या खाली फेम्टो आणि ॲटो येतात. डॅनिश भाषेत पंधराला 'फेम्टेन' आणि अठराला 'ॲटेन' म्हणतात. एकावर पंधरा शून्ये देऊन जी संख्या होते, तितके भाग केल्यावर फेम्टो मिळतो. अठरा शून्ये दिली तर ॲटो.

मोठ्या संख्यांना नावे देण्याची हौस आपल्या पूर्वजांनाही होती. भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या मोजणीने गिगा म्हणजे अब्ज, टेरा म्हणजे महापद्म आणि टेरावरचा पेटा म्हणजे अंत्य. त्याच्याही वरच्या एक्साला मात्र लीलावतीत नाव सापडत नाही, कारण एक्सा म्हणजे दहा परार्ध!

येथे मराठी विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांचे गट पाडतो : हजार, लाख, कोटी. उपसर्ग मात्र तीन-तीन अंकांनी पुढे जातात. त्यामुळे मेगा म्हणजे लाख नव्हे आणि कोटीही नव्हे. मेगा म्हणजे दशलक्ष. गिगा म्हणजे शंभर कोटी. या दोन ओळी एकदा पक्क्या केल्या, की वर्तमानपत्रातील मोठे आकडे वाचताना गोंधळ होत नाही.

एका पायरीत अंतर किती पडते, याची कल्पना सेकंदांवरून चांगली येते. किलोसेकंद म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद. शाळेची मधली सुट्टी म्हणा ना! मेगासेकंद म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस. आणि गिगासेकंद? सुमारे ३१ वर्षे ८ महिने. तीन पायऱ्यांत मधल्या सुट्टीपासून अर्ध्या आयुष्यापर्यंत आपण पोहोचलो.

खाली उतरतानाही तसेच. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. पेशीतील डी.एन.ए.च्या गोफाची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर. अणूचा व्यास सांगायला शेकडो पिकोमीटर लागतात, आणि अणूच्या केंद्रातील प्रोटॉनची त्रिज्या एका फेम्टोमीटरहूनही कमी, सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे.

ही शिडी अजून वाढतेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने-मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोना, क्वेटा, रोंटो आणि क्वेक्टो हे चार नवे उपसर्ग मान्य केले. आता एकूण उपसर्ग २४ झाले आहेत. म्हणजे संस्कृत व्याकरणातील २२ उपसर्गांपेक्षा दोन जास्तच! पृथ्वीचे वस्तुमान आता 'सुमारे ६ रोनाग्रॅम' असे दोन शब्दांत सांगता येते. रोना म्हणजे एकावर सत्तावीस शून्ये.

सातबाऱ्यावरचा हेक्टो

हेक्टो आणि डेका हे उपसर्ग आपण परीक्षेपुरते पाठ करतो, ते प्रत्यक्षात कोठे भेटतात, अशी तक्रार बरेच विद्यार्थी करतात. हेक्टो तुमच्या घरातच असेल. शेताचा सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा. त्यावर क्षेत्र 'हेक्टर-आर' मध्ये लिहिलेले असते. आर हे १७९५ च्या कायद्यातले तेच जुने एकक. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा तुकडा म्हणजे १ आर, अर्थात १०० चौरस मीटर. हेक्टर म्हणजे हेक्टो आणि आर यांचा संधी : १०० आर.

आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त भरतो. म्हणजे १ गुंठा आणि १ आर जवळजवळ सारखेच. ४० गुंठ्यांचा एकर सुमारे ४०.४७ आर भरतो. म्हणून दोन एकरांच्या शेताच्या उताऱ्यावर ०.८१ हेक्टर असा आकडा दिसतो.

आता याच शेतात पाऊस पाडू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर उंचीचे पाणी साचले, तर ते बरोबर १ लिटर भरते. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणून १ मिलिमीटर पावसात हेक्टरभर शेतावर १०,००० लिटर पाणी पडते. एक मोठा टँकरच! २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे प्रत्येक हेक्टरवर असे ९४४ टँकर रिकामे झाले. त्या दिवशी मुंबई का बुडाली, हे या एका गुणाकारावरून ध्यानात येते.

घनफळात उपसर्गही घन होतो

आता एक फसवा प्रश्न. १ किलोमीटर म्हणजे १,००० मीटर. मग १ घन किलोमीटर म्हणजे किती घन मीटर?

'एक हजार' असे चटकन उत्तर देणारा चुकला. नियम असा आहे, की उपसर्ग आणि एकक मिळून एकच शब्द होतो आणि घन करायचा तो त्या सबंध शब्दाचा. घन किलोमीटर म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर उंच असा ठोकळा. त्यात हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटी घन मीटर मावतात. चुकीचे उत्तर थोडेथोडके नव्हे, दहा लाख पटींनी कमी आहे.

पावसाळ्यात धरणांच्या पाणीसाठ्याच्या बातम्या येतात. त्यांत 'दलघमी' हे माप असते. दलघमी म्हणजे दशलक्ष घन मीटर. हे आपल्या उपसर्गांत बसवता येईल का? १०० मीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा घ्या. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा लाख. तेव्हा १ दलघमी म्हणजे १ घन हेक्टोमीटर! असे १,००० ठोकळे मिळून १ घन किलोमीटर होतो. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाची क्षमता सुमारे २,९०० दलघमी आहे, म्हणजेच सुमारे २.९ घन किलोमीटर. घन किलोमीटर म्हणजे हजार घन मीटर, असे मानणाऱ्याच्या हिशेबाने एवढे सारे पाणी तीनशेहून कमी टँकरांत मावायला हवे!

वेलांटी चुकली, मात्रा चुकली

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती शांतपणे वाचा आणि घरीही सांगा.

औषधाच्या वेष्टनावर दोन उपसर्ग नेहमी दिसतात : मिलि आणि मायक्रो. तापावरची पॅरासिटॅमॉलची नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. थायरॉइड ग्रंथीच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅम अशा असतात. दोन्ही गोळ्या दिसायला लहान-मोठ्या असतील, पण त्यांतील औषध तोलून पाहिले तर ५०० मिलिग्रॅम हे ५० मायक्रोग्रॅमच्या दहा हजार पट भरते. काही औषधे इतक्या थोड्या प्रमाणातही शरीरावर मोठा परिणाम घडवतात, म्हणून ती मायक्रोग्रॅममध्ये द्यावी लागतात.

आता समजा, कोणी ५० मायक्रोग्रॅमऐवजी ५० मिलिग्रॅम असे वाचले किंवा लिहिले. चूक एका पायरीची. पण पायरी हजाराची. एका गोळीच्या जागी एक हजार गोळ्या!

ही चूक होणे अवघड नाही. आंतरराष्ट्रीय खुणांत मिलिसाठी रोमन लिपीतील लहान 'एम' वापरतात आणि मायक्रोसाठी ग्रीक अक्षर 'म्यू'. घाईत लिहिलेला म्यू एमसारखा दिसू शकतो. म्हणून मायक्रोग्रॅम हा शब्द संक्षेप न करता पूर्ण लिहावा, अशी सूचना वैद्यकीय मार्गदर्शिकांत दिलेली आढळते. मराठीतही धोका तेवढाच. 'मा. ग्रॅ.' आणि 'मि. ग्रॅ.' यांत फरक फक्त काना आणि वेलांटीचा. अक्षराची वेलांटी चुकली, की औषधाची मात्रा हजार पटींनी चुकली. तेव्हा अशा जागी काटकसर नको. पूर्ण शब्दच लिहावा.

दुसरा घोटाळा 'मिलि' हा शब्द एकटा वापरल्याने होतो. लहान मुलांच्या तापाच्या पातळ औषधाच्या बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते. दुसऱ्या एखाद्या बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' असे असते. येथे मिलि दोनदा आला आहे, पण एकदा तो लिटरला लागला आहे आणि एकदा ग्रॅमला. मिलिलिटर सांगतो बाटलीतून ओतायचे किती. मिलिग्रॅम सांगतो, त्यात खरे औषध किती. दोन्ही बाटल्यांतून ५ मिलिलिटरच ओतले, तरी दुसऱ्या वेळी औषध दुप्पट जाते. म्हणून 'पाच मिलि द्यायचे' एवढ्यावर कोणी थांबले, तर विचारा, "मिलिलिटर की मिलिग्रॅम? आणि कोणत्या बाटलीतून?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला तो जरूर विचारावा. आपण मुलांनी औषध स्वतःच्या हाताने मोजून घेऊ नये, हे तर सांगायलाच नको.

मोठी लिपी, लहान लिपी

रोमन लिपीतील लहान 'एम' म्हणजे मिलि आणि मोठा 'एम' म्हणजे मेगा. एवढ्याशा फरकाने शंभर कोटी पटींचे अंतर पडते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कोणी मोठ्या एमऐवजी लहान एम लिहिला, तर ती १,९६० मिलिवॉट, म्हणजे दोन वॉटहूनही थोडी कमी होईल. त्यावर घरातला नऊ वॉटचा एक दिवाही नीट लागणार नाही! किलोची खूण मात्र नेहमी लहान 'के' आहे. मोठा 'के' ही केल्व्हिन या तापमानाच्या एककाची खूण आहे.

आणखी दोन नियम. एका एककाला एका वेळी एकच उपसर्ग लावायचा. 'मिलिमिलिग्रॅम' असे म्हणायचे नाही, मायक्रोग्रॅम म्हणायचे. आणि किलोग्रॅम हे जरी आंतरराष्ट्रीय पद्धतीतील वस्तुमानाचे मूळ एकक असले, तरी उपसर्ग लावताना तो ग्रॅमलाच लावायचा. मूळ एककाच्या नावातच उपसर्ग बसलेला आहे, असे हे एकच उदाहरण. इतिहासात हलका ग्रॅम प्रमाण म्हणून गैरसोयीचा ठरला, म्हणून त्याच्या हजारपट वजनाचा ठोकळा प्रमाण मानला गेला आणि त्याचे नाव तसेच राहिले. २० मे २०१९ पासून धातूच्या ठोकळ्याऐवजी निसर्गातील एका स्थिरांकावरून, म्हणजे प्लांकच्या स्थिरांकावरून, किलोग्रॅम ठरवला जातो. पण नाव मात्र बदललेले नाही. बाजार समितीतला क्विंटल हा मात्र उपसर्ग नव्हे. १०० किलोग्रॅमचे ते स्वतंत्र नाव आहे.

संगणकाच्या क्षेत्रात एक जुना घोळ आहे. संगणक दोनाच्या पटीत मोजतो, म्हणून तेथे १,०२४ लाच किलो म्हणण्याची सवय पडली. त्यामुळे १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह काही संगणकांवर सुमारे १४.९ गिगाबाइट दाखवतो. दुकानदाराने फसवलेले नसते. वेष्टनावरचा गिगा शंभर कोटींचा असतो आणि संगणकाचा त्याहून थोडा मोठा. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली किबि, मेबि, गिबि असे वेगळे उपसर्ग सुचवण्यात आले. पण जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही. नाव तेच आणि माप वेगळे, हे मणाचे दुखणे पुन्हा उद्भवले, ते असे!

उपसर्ग छेदताही येतात

उपसर्ग म्हणजे संख्या, हे एकदा पटले की त्यांचा गणितात फार उपयोग होतो. रेडिओलहरींची लांबी काढायची असेल, तर प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने (म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांच्या संख्येने) भागायचे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर, म्हणजे ३०० मेगामीटर. कंप्रता १०० मेगाहर्ट्झ असेल, तर ३०० मेगा भागिले १०० मेगा. वरचा मेगा आणि खालचा मेगा एकमेकांना छेदतात, आणि उत्तर येते ३ मीटर. शून्यांची रांग लिहावीच लागली नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नावात 'मीटरवेव्ह' हा शब्द का आहे, ते आता तुम्हीच सांगू शकाल. ३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी किती, तेवढे काढून पाहा.

यापुढे कोठेही माप दिसले, की ते तीन भागांत वाचण्याची सवय लावून घ्या : आधी आकडा, मग उपसर्ग, मग एकक. '५०', 'मायक्रो', 'ग्रॅम'. आकड्यात एकाची चूक झाली तर एकाचाच फरक पडतो. उपसर्गात एका पायरीची चूक झाली तर हजार पटींचा. म्हणून तिन्हींत सर्वांत जपून वाचायचा तो मधला शब्द.

करून पाहा

१. ०.२५ ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम? किती मायक्रोग्रॅम?
२. शाळेचे पटांगण ४० आर आहे. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर किती किलोलिटर पाणी पडले?
३. १ घन सेंटिमीटरमध्ये किती घन मिलिमीटर मावतात?
४. ७५ मायक्रोमीटर जाडीचे किती केस एकमेकांना चिकटून ओळीने ठेवले, तर ३ मिलिमीटर रुंदी होईल?
५. ९ वॉटचा दिवा रोज १० तास याप्रमाणे ३० दिवस जळला. वीजबिलात किती युनिट येतील? (१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास.)

उत्तरे : (१) २५० मिलिग्रॅम, २,५०,००० मायक्रोग्रॅम. (२) १०० किलोलिटर. (३) १,०००, दहा नव्हे! (४) ४०. (५) २.७ युनिट.